मालिमच्या धक्क्याजवळची आउटबोर्ड दुरुस्ती: बझरच्या वायरिंगचा अनुभव

गोव्यातल्या शापोरा नदीत चालणाऱ्या माझ्या १९ फुटी फायबर बोटीवर ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेले, इंजिन आहे आणि गरवायला येणाऱ्या मंडळींना घेऊन मी शिवोलीहून नदीच्या मुखापर्यंत जातो. गेल्या एप्रिलच्या शेवटी एका सकाळी चावी ऑन करताच इंजिन तापल्याचा इशारा देणारा बझर सलग वाजू लागला. इंजिन रात्रभर थंड होते, सुरू केल्यावर मागच्या भोकातून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नेहमीसारखी पडत होती, ते पाणी ओढणारा रबरी पंखा म्हणजे इम्पेलर जानेवारीतच बदललेला होता, तरीही आवाज थांबत नव्हता. ज्या मेकॅनिकला प्रथम दाखवले त्याने बझरच्या मागची वायर उपटून त्यावर टेप गुंडाळली आणि इंजिनात काही दोष नाही असे सांगून पैसे घेतले. आवाज थांबला, पण माझी झोप गेली, कारण संध्याकाळी परतताना अंधारात ती पाण्याची धार दिसत नाही आणि नदीच्या मुखाशी वाळू व प्लास्टिकच्या पिशव्या या दोहोंचा त्रास बारमाही असतो. पाण्याची वाट बंद झाली तर इंजिनाचा पिस्टन जाम व्हायला काही मिनिटे पुरतात.

त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी बोट ट्रेलरवर घालून मालिमला नेली. पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडच्या काठावर ट्रॉलरच्या धक्क्यापासून थोड्या अंतरावर ही लहान कार्यशाळा आहे. तिथे दोघे भाऊ काम करतात. थोरला इंजिन उघडतो आणि धाकटा केवळ वायरिंग पाहतो. मी नवीन बझर बसवून देण्याची विनंती केली तेव्हा धाकट्याने उपटलेली वायर परत जोडली, चावी ऑन केली, आवाज ऐकला आणि म्हणाला, “काका, हॉर्न बरो आसा. आदीं वायर पळोवया.” (हॉर्न ठीक आहे, आधी वायर पाहू.) नवीन बझर विकणे त्याला सहज शक्य होते. मला हा माणूस तिथेच पटला.

त्याने पुढे जे केले ते सविस्तर लिहितो, कारण बोट बाळगणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. माझ्या इंजिनाच्या पद्धतीत चावी ऑन केली की पिवळ्या वायरमधून बझरला बारा व्होल्ट मिळतात आणि बझरची दुसरी बाजू गुलाबी वायरने इंजिनाच्या हेडवरील थर्मो स्विचपर्यंत जाते. इंजिन तापले की तो स्विच गुलाबी वायरला अर्थ देतो, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूशी जोडतो, आणि बझर वाजतो. म्हणजे गुलाबी वायर वाटेत कुठेही अर्थच्या काळ्या वायरला किंवा इंजिनाच्या धातूला टेकली, तरी बझरला इंजिन तापल्यासारखेच वाटते. मर्क्युरी कंपनीच्या इंजिनांत हेच काम निळी रेघ असलेली फिकट तपकिरी वायर करते आणि चावीचा वीजपुरवठा जांभळ्या वायरमधून येतो, त्यामुळे दुसऱ्याच्या बोटीवरचे रंग पाहून आपल्या बोटीत जोडणी करू नये, असे त्याने मला आवर्जून बजावले.

बझर वाजत असतानाच त्याने प्रथम थर्मो स्विचची वायर काढली. आवाज चालूच राहिला, म्हणजे दोष स्विचमध्ये नव्हता. मग इंजिन आणि बोट यांच्यामधल्या मोठ्या कनेक्टरपाशी फक्त गुलाबी वायर सोडवली, तरीही आवाज चालूच राहिला, म्हणजे दोष बोटीच्या बाजूच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात होता. दोन साध्या कृतींनी अर्धी वायरिंग संशयातून मुक्त झाली. उरलेला हार्नेस त्याने हाताने चाचपत नेला आणि बोटीच्या मागच्या भिंतीच्या भोकापाशी, जिथे फायबरची कड उघडी होती, तिथे गुलाबी व काळी या दोन्ही वायरींचे आवरण घासून गेल्यामुळे आतले तांबे एकमेकांना टेकलेले सापडले.

इथेच थांबून कोणीही बिल मागितले असते. त्याने मात्र वायर दुरुस्त केल्यावर सगळे पुन्हा जोडले, थर्मो स्विचकडे जाणाऱ्या गुलाबी वायरचे टोक इंजिनाच्या धातूला टेकवले आणि बझर वाजतो का ते पाहिले. बझर वाजला नाही. मोठ्या कनेक्टरमधली गुलाबी वायरची पिन खाऱ्या पाण्याने हिरवी पडून आतून तुटलेली होती. इंजिन खरोखर तापले असते तरी तो इशारा बझरपर्यंत पोहोचण्याची वाटच नव्हती, आणि ही स्थिती किती महिने होती हे सांगता येत नाही. खोटा इशारा वाजला नसता तर खरा इशारा मुका झाल्याचे मला कळलेही नसते. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण मार्चमध्ये माझ्या बोटीतून दोन लहान मुलेही आली होती.

शेवटी त्याने थर्मो स्विच काढून, पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह धरून गॅसवर तापवला आणि मल्टीमीटर लावून ठेवला. पाणी ८५ अंश सेल्सियसच्या थोडे पुढे गेल्यावर स्विच जोडला गेल्याचा आवाज मल्टीमीटरने दिला आणि पाणी निवताच तो थांबला. जोडणीसाठी त्याने घरगुती वायर न वापरता कथिलाचा मुलामा असलेली वायर घेतली, लग्ज म्हणजे धातूची टोके दाबून बसवली, त्यावर आतून गोंद असलेली आणि तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि वायर घासू नये म्हणून फायबरच्या भोकात ग्रोमेट म्हणजे रबरी कडे घातले. डाग देऊन (सोल्डर करून) जोड का केला नाही असे विचारल्यावर, डागाच्या कडेला वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते, असे समर्पक उत्तर मिळाले.

उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. गुलाबी वायर त्यांच्याकडे नव्हती. पांढरी वापरून दोन्ही टोकांना गुलाबी स्लीव्ह लावली, हे चालण्यासारखे असले तरी पुढच्या मेकॅनिकला वाटेत ती ओळखू येणार नाही. बिल छापील मिळाले नाही आणि काय बदलले याची नोंदही त्यांनी दिली नाही. मीच घरी बसून आकृती काढली आणि प्लास्टिकमध्ये घालून बोटीच्या पेटीत ठेवली. काम एका दिवसाचे सांगितले होते, त्याला तीन दिवस लागले. मजुरी व सामान मिळून २,२०० रुपये झाले, जे आधीच्या मेकॅनिकने टेप गुंडाळण्याचे घेतलेले ३०० रुपये आठवल्यावर मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

सप्टेंबरात मुखाजवळ बझर एकदा खरोखर वाजला. मी लगेच इंजिन बंद करून वर उचलले, पाणी ओढण्याच्या जाळीवर दुधाची पिशवी चिकटलेली होती. ती काढल्यावर आणि इंजिन निवल्यावर आम्ही हळूहळू शिवोलीला परत आलो. आता दर महिन्याला गुलाबी वायरचे टोक धातूला टेकवून मी आवाज तपासतो.

जायचे असल्यास मेमध्येच जावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत ट्रॉलरवाल्यांची दुरुस्तीची कामे तिथे एकावर एक लागलेली असतात आणि लहान बोटीचा क्रम मागे पडतो. बोट नेता येत नसेल तर धाकटा भाऊ शिवोलीपर्यंत येतो, मात्र येण्याजाण्याचे पैसे वेगळे घेतो आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायला आधीच सांगतो.