जुळे सोलापूरचा फ्लॅट की पूर्व भागातल्या दोन खोल्या?

बेताच्या पगारात सोलापुरात भाड्याचं घर शोधणारा बहुतेक वेळा या दोन पर्यायांवर येऊन थांबतो. एक म्हणजे जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड या पट्ट्यातला वन बीएचके. दुसरा, पूर्व भागात साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या बाजूला घरमालकाच्याच घरातल्या दोन खोल्या. मी दोन्हीकडं राहिलोय.

जुळे सोलापूरचं नाव ऐकून लोक तिकडं का वळतात ते कळतं. रस्ते मोकळे, गाडी लावायला जागा, आसरा चौकात गेलं की सगळं मिळतं, आणि तुमच्याकडं कोण आलं-गेलं हे कुणी विचारत नाही. चारचाकी असेल तर पेठेच्या गल्लीत रोजची कटकट आहे, हे मान्य. भाड्यात मात्र फरक मोठा. फ्लॅटला देत होतो त्याच्या निम्म्याहून जरा जास्त पैशात मला दोन खोल्या मिळाल्या, आणि वर मेंटेनन्स नाही.

पण माझा निर्णय भाड्यानं नाही, पाण्यानं झाला.

उजनी, टाकळी, हिप्परगा अशा तिन्हीकडून पाणी येऊनही नळ रोज सुटत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. खरा प्रश्न मधले दिवस कसे निघतात हा. आमच्या बिल्डिंगला सगळ्यांचा मिळून एक हौद. पाणी सुटलं की पहिल्या दिवशी सगळीकडं धुणं, गाड्या धुणं, गच्चीवरची टाकी वाहून जाणं. तिसऱ्या दिवशी झाकण उचलून टॉर्च मारला की तळ दिसायचा. मग बोअर सुरू. त्या पाण्यात तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही बोटचेपी होत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो. उन्हाळ्यात बोअरही दमला की टँकर, आणि त्याची वर्गणी माणशी नाही, घरटी. आम्ही दोघंच, समोर सहा जण, पैसे सारखेच. तक्रार करायची तरी कुणाकडं? मालक पुण्यात.

पूर्व भागात तीन बिऱ्हाडं, प्रत्येकाचे बॅरल वेगळे. पाणी रात्री-अपरात्री सुटतं, हा त्रास आहेच. पण घरमालकीण अक्का दार वाजवून सांगायच्या, पाईप ठरल्या क्रमानं फिरायचा, आणि भरलेलं पाणी आपलं असायचं. जपून वापरलं तर पुढच्या पाळीपर्यंत पुरायचं. माझ्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं.

पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खटखटीची भीती सगळेच घालतात. भिंतीला लागून कारखाना असेल तर ती रास्त आहे, तान्हं बाळ किंवा रात्रपाळी असेल तर मी आग्रह करणार नाही. दोन घरं सोडून असेल तर सवय होते, निदान मला झाली. उलट जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर मे महिन्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असायचा, त्याची सवय काही झाली नाही.

एक गोष्ट पूर्व भागात जरा नेट लावून करावी लागते, ती म्हणजे करार. तिथं तोंडी बोलीवर घर देण्याकडं कल असतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये. मालक कुरकुरले तर फी निम्मी वाटून घ्या, पण करार करा.

घर कुठंही बघा, पाण्याचं मालकाला किंवा एजंटला विचारू नका. शेजारच्या दारात भांडी घासणाऱ्या बाईंना विचारा: मावशी, पाणी कितव्या दिवशी येतं, किती वेळ टिकतं, आणि मोटर न लावता चढतं का?