डुप्लिकेट ब्रेक पॅड, आणि वर म्हणे "फिटिंग तुमचंच चुकलं"

घरी स्वतः ब्रेक पॅड बदलणाऱ्यांनी हे जरूर वाचा, कारण असल्या सेलरना गिऱ्हाईक म्हणून आपणच हवे असतो. गॅरेजवाल्याला डुप्लिकेट माल दिला तर तो येऊन डोक्यावर बसतो, आपल्याला दिला तर सरळ म्हणता येतं की साहेब, फिटिंग तुमचं चुकलं.

पुढचे पॅड संपत आले होते, लायनिंग (डिस्कला घासणारा थर) जेमतेम ३ मिलिमीटर उरलेलं आणि ती वेअर इंडिकेटरची पत्री डिस्कला घासून किंचाळायला लागलेली. ऑनलाइन सेट मागवला. आता कोणीतरी म्हणणारच की स्वस्तात गेला असशील, तर नाही, किंमत नेहमीपेक्षा थोडीशीच कमी होती आणि तीच त्यांची हुशारी, अर्ध्या किमतीत दिलं तर माणूस बिचकतो ना. डबा एक नंबर. होलोग्राम आहे, पार्ट नंबर बरोबर आहे, क्यूआर कोड स्कॅन केला तर हिरव्या टिकमार्कसकट "अस्सल उत्पादन" असं पान उघडलं. ते पान कंपनीचं नव्हतंच, पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं, म्हणजे प्रश्नपत्रिका पण त्यांची आणि उत्तर पण त्यांचंच.

बसवायला घेतले तर पॅडचे कान (दोन्ही टोकांचे कोपरे) कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, ब्रॅकेटमधल्या खाचेत जाईनात. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे लायनिंगमागच्या लोखंडी पत्र्याच्या, कडेला कापल्याचे खडबडीत कंगोरे तसेच, वरून काळा रंग फासलेला. चांगला पॅड तिथे बोटाने सरकतो. कानशीने घासून बसवले. बाकी काम नेहमीचंच, गाडी जॅक स्टँडवर, कॅलिपर तारेने टांगलेला म्हणजे होजवर वजन येत नाही, पिस्टन सी क्लॅम्पने आत, स्लायडर पिनना ग्रीस, आणि गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप. मग मोकळ्या रस्त्यावर बेडिंग, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसवून घेणं, ५० च्या आसपास वेग न्यायचा आणि पूर्ण न थांबता कमी करायचा, परत परत, मधे थोडं थंड होऊ द्यायचं.

नव्या पॅडला सुरुवातीला वास येतो हे मान्य, पण हा वास जायलाच तयार नाही. आणि उतारावर लागोपाठ ब्रेक मारले की पेडल एकदम कडक, गाडी मात्र पुढेच चाललीय, वर डावीकडे ओढतेय. सेलरला फोन केला तर उत्तर तयार, लाइनमध्ये हवा राहिलीय, ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे ती हवा काढून टाका. अहो पॅड बदलताना ऑइलची लाइन कोण उघडतंय, हवा शिरणार कुठून? आणि हवा असती तर पेडल मऊ पडून खाली गेलं असतं. इथे पेडल घट्ट आणि पकड गायब, म्हणजे गरम झाल्यावर पॅडच हात टेकतोय.

चाकं परत काढली. उजव्या बाजूच्या एका पॅडचं लायनिंग कोपऱ्यातून प्लेटपासून सुटत आलेलं. फटीत नख घातलं तर आरामात गेलं आणि भुसभुशीत पूड बाहेर आली, आत प्लेटवर गंज. गंजक्या प्लेटवर लायनिंग चिकटवून वरून रंग! (अशी पूड फुंकू नका, हवेच्या प्रेशरने उडवू तर अजिबात नका, असल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस पण असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसा.) आणि कडेवरचा कोड बघा, शेवटची दोन अक्षरं असतात त्यात पहिलं थंड पकडीचं, दुसरं गरम पकडीचं, ई म्हणजे घर्षणाचा आकडा (घर्षण गुणांक) ०.२५ ते ०.३५ आणि एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. माझ्या एकाच डब्यात डावीकडच्या जोडीवर एफएफ आणि उजवीकडच्या जोडीवर एफई छापलेलं. अर्थात छापायला काय, कोणीही काहीही छापेल, पण निदान चारही पॅडवर सारखं तरी छापा राव.

हे फोटो पाठवल्यावर सेलर म्हणतो गॅरेजचं बिल दाखवा, बिलाशिवाय वॉरंटी नाही. मग म्हणाला चारही पॅड परत पाठवा, चेक करून सांगतो. इथे सावध राहा, माल गेला की पुरावा गेला. मी पाठवले नाहीत, बॅच नंबरचे फोटो थेट पॅडच्या कंपनीला मेल केले, त्यांनी लेखी कळवलं की ही बॅच आमची नाही. ते पत्र वेबसाइटच्या तक्रारीत जोडलं तेव्हा कुठे रिफंड आला. डिस्कवर चरे पडलेत त्याचं कोणी विचारत नाही, आता जाडी मोजून डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून बघायचीय.

तुम्ही मागवलेत तर चाक काढायच्या आधी डबा बाजूला ठेवून नुसता पॅड बघा. कान साफ कापलेत का, लायनिंग आणि प्लेटमध्ये कुठे फट आहे का, बॅच नंबर डब्याशी जुळतो का. युरोपच्या आर९० मंजुरीचा पॅड म्हणून विकत असतील तर प्लेटवर गोलात ई, देशाचा आकडा आणि ९०आर ने सुरू होणारा नंबर पाहिजे, नुसता डब्यावर असून उपयोग नाही.

तो सेलर बंद झाला, पण थोड्याच दिवसांत तेच फोटो वेगळ्या नावाने परत दिसले. मी गिऱ्हाईक बनून पॅडच्या कडेचा फोटो मागितला, त्याने डब्याचा पाठवला. परत मागितला तर डब्याची दुसरी बाजू पाठवली.