बेनेगलांचं काम, दूध संस्थेच्या खिडकीतून

दिग्दर्शक श्याम बेनेगल म्हटलं की ‘समांतर सिनेमा’, ‘संथ’, ‘अभ्यासकांसाठी’ असले शब्द आधी कानावर येतात आणि साधा प्रेक्षक त्या वाटेला जातच नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका महिला दूध संस्थेची सचिव आहे. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या खिडकीत बसते. माझ्या कामाचा आणि माझ्या गावाचा ‘मंथन’इतका खरा सिनेमा मी हिंदीत दुसरा बघितला नाही. म्हणून हे परीक्षण एका दूध संस्थेतल्या बाईचं आहे असं समजूनच वाचा. ‘मंथन’पासून सुरुवात करते, कारण तो मला सगळ्यात जवळचा.

१९७६ चा हा सिनेमा. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि दहा लाखांत सिनेमा उभा राहिला. निर्माते म्हणून नाव लागलं गुजरातच्या दूध महासंघाचं. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमींचे, कॅमेरा गोविंद निहलानींचा, संगीत वनराज भाटियांचं. प्रीती सागरचं ‘मेरो गाम काथा पारे’ आपण दुधाच्या जाहिरातीत इतकी वर्षं ऐकलंय की ते मुळात कुठलं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

२०२४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्याची नवी प्रत तयार केली. ती फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली आणि जूनच्या सुरुवातीला, जागतिक दूध दिनाच्या निमित्तानं, देशभरातल्या थिएटरांत लागली. मी ती पुण्यात लेकीकडे गेले असताना बघितली. आधी कधीतरी टीव्हीवर बघितलेला ‘मंथन’ धुरकट होता, आवाज फाटलेला. या प्रतीत सौराष्ट्राचा तो करडा-पिवळा उन्हाळा, म्हशींच्या पाठीवरचा वाळलेला चिखल, स्मिता पाटीलच्या हातातली चांदी, सगळं स्वच्छ दिसतं. हा सिनेमा बघायचा तर हीच प्रत शोधा. जुन्या प्रतीत अर्धा सिनेमा हरवतो, कारण बेनेगल फार गोष्टी संवादात सांगत नाहीत. चौकटीच्या कडेला ठेवतात.

गोष्ट साधी आहे. डॉ. राव (गिरीश कर्नाड) हा पशुवैद्य सहकारी दूध संस्था काढायला एका गावात येतो. गाडी वेळेवर आली म्हणून त्याला उतरवून घेणारे लोकच उशिरा पोचतात. गावात मिश्रा (अमरीश पुरी) नावाचा खासगी डेअरीवाला आहे, तो देईल तो दर. सरपंच (कुलभूषण खरबंदा) आहे, दलित वस्तीतला भडक डोक्याचा भोला (नसीरुद्दीन शाह) आहे, आणि म्हशीवर घर चालवणारी बिंदू (स्मिता पाटील) आहे.

माझ्यासारखीला खिळवून ठेवतं ते दुधाची तपासणी. मिश्रा दूध घेतो ते मापानं आणि आपल्या मर्जीनं. राव म्हणतो, दर फॅटवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर. बाहेरच्या माणसाला यात नाट्य काय ते कळणार नाही. आता आमच्याकडं मशीन आहे, नमुना घातला की मिनिटाच्या आत फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाचे) आकडे दिसतात आणि पावती निघते. पण मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते सगळे गरबर पद्धतीचे, म्हणजे अ‍ॅसिड घालून हातानं फॅट काढणारे. ब्युटिरोमीटरच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर नळीच्या कडेनं हळूच सोडलेलं १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट लावून नळी हलवायची. ती अशी तापते की फडक्याशिवाय धरवत नाही. मग सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची आणि वर जमलेला पिवळसर थर डोळ्यासमोर सरळ धरून वाचायचा. नळी जरा तिरकी धरली तर एक-दोन पॉइंट इकडचे तिकडे होतात, आणि त्या एक-दोन पॉइंटांवर कुणाच्या तरी पोराची वही येते किंवा येत नाही. ‘मंथन’ बघताना पहिल्यांदा वाटलं, हे कुणालातरी कळलंय. रावची माणसं नमुने गोळा करतात तेव्हा गावकऱ्यांच्या चेहऱ्यावरचा संशय बघा. या नळीनं आपलं भलं होणार की आपण पकडले जाणार, हे त्यांना ठरवता येत नाही. नवीन सभासद खिडकीशी आली की मी तोच चेहरा बघते.

सासूबाईंना घरी टीव्हीवर दाखवला. मिश्रा गोड बोलत खाटेवर बसला तशी त्या म्हणाल्या, “ह्यो आमच्याकडं पण हुता की.” नाव मी लिहीत नाही. जिल्ह्यात १९६३ साली दूध संघ झाला, पुढं गावोगाव संस्था निघाल्या. त्याआधी घरोघरी फिरून दूध घेणाऱ्या माणसाकडून लग्नाला उचल घ्यायची आणि मग म्हशीचं दूध वर्षानुवर्षं त्यालाच घालायचं, ही रीत त्यांनी डोळ्यानं बघितलेली. अमरीश पुरींनी मिश्राला कुठं आवाज चढवायला लावलेला नाही. तो काळजीनं बोलतो, आणि म्हणूनच भीती वाटते.

मग निवडणूक. संस्थेच्या अध्यक्षपदासाठी सरपंच उभा राहतो, वर्षानुवर्षं गाव आपलंच या खात्रीनं, आणि दलित वस्तीतल्या उमेदवाराकडून हरतो. कोल्हापूरच्या माणसाला हा भाग वेगळा समजावून सांगायला नको. संघाच्या निवडणुकीत कुठल्या संस्थेचा ठराव, म्हणजे तिच्या वतीनं मत द्यायचा अधिकार, कुणाच्या नावावर गेला यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेली घरं प्रत्येक तालुक्यात सापडतील. दूध हे निमित्त, खरा प्रश्न असतो खुर्ची कुणाची. तेंडुलकर-बेनेगलांनी १९७६ सालीच ते ओळखलं होतं. रावच्या पथकातला देशमुख (मोहन आगाशे) त्याला सांगत राहतो की आपण दुधाचं बघू, गावच्या जातीच्या भानगडीत पडायला नको. राव ऐकत नाही. कोण बरोबर, हे सिनेमा ठरवून देत नाही. सरपंच हरतो, दुखावतो आणि मिश्राला जाऊन मिळतो. वस्तीतली घरं जळतात. मला विचाराल तर राव बरोबर होता. दूध एकदा एका कॅनमध्ये ओतलं की वरच्या आळीचं कुठलं आणि खालच्या आळीचं कुठलं ते निवडता येत नाही. त्या कॅनला ज्यांचा विरोध होता त्यांचा राग फॅटवर नव्हताच.

सगळ्यात जड प्रसंग अंगठ्याचा. बिंदूची म्हैस मेलेली आहे, हातात काही उरलेलं नाही, आणि तिच्याकडून एका कागदावर अंगठा घेतला जातो. त्या कागदावर डॉक्टरवर घाणेरडा आरोप आहे, आणि तो तिला वाचता येत नाही. कॅमेरा शांत आहे. शाई, बोट, कागद. इथं कोल्हापूरच्या माणसाला बाबूराव पेंटरांची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. १९२५ साली याच शहरात त्यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकरी झाले होते, आणि सावकाराच्या कागदानं त्या शेतकऱ्याची जमीन गिळली होती. मूकपटाच्या काळात पेंटरांना जे दिसलं तेच पन्नास वर्षांनी बेनेगलांना दिसलं. माझ्या मते बेनेगलांची सगळी ताकद इथंच आहे. एक माणूस दुसऱ्यासमोर माप, पैसा किंवा कागद ठेवतो, तो क्षण त्यांना नेमका पकडता यायचा. हाणामारी त्यांना तितकी जमली नाही, आणि त्यांनी ती फार केलीही नाही.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. धार बिंदू काढते, वैरण बिंदू आणते, दूध बिंदू घालते. पण मतदान, भांडण, बैठक सगळी पुरुषांची. स्मिता पाटीलनं ती भूमिका अशी केलीय की तिच्या नुसत्या उभं राहण्यात, डोक्यावरचा पदर सारण्यात स्वाभिमान दिसतो. तरी पटकथा शेवटाकडे तिला रावच्या कहाणीतलं एक वळण करून टाकते. राव निघून जातो, भोला संस्था धरून ठेवतो. बिंदूला संस्थेत काय मिळालं, शेअर तिच्या नावावर झाला का, दहा दिवसांचं बिल तिच्या हातात पडलं का, हे मला हवं होतं. आमच्या जिल्ह्यात नुसत्या बायकांच्या संस्था निघाल्या त्या याच प्रश्नापायी. आमच्या संस्थेत बिल सभासद बाईच्या स्वतःच्या खात्यावर जातं. सुरुवातीला त्यावरून घरोघरी किती वाद झाले ते मी खिडकीतून ऐकलंय.

बेनेगलांनाही हे जाणवलं असावं असं मला वाटतं, कारण पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ‘भूमिका’ आला. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर आधारलेला. त्या आत्मचरित्राचं नाव ‘सांगत्ये ऐका’, आणि ते आलं कोल्हापूरच्या अनंत माने यांच्या १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटावरून, ज्यात हंसाबाई होत्या. तेव्हा हा सिनेमा आपल्याच घरचा आहे. इथंही व्यवहार बघा. नटी कमावते आणि तिचे करार नवरा ठरवतो. अमोल पालेकरांचा असला चिवट, लोचट नवरा बघून चीड येते. यासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काळ रंगीत आणि कृष्णधवल चित्रणात मागंपुढं जातो, तेव्हा पहिल्या बघण्यात थोडा गोंधळ होईल. होऊ द्या, दुसऱ्यांदा बघा.

‘सुस्मन’ (१९८७) फार कमी लोकांनी बघितलाय. पोचमपल्लीचा विणकर, ओम पुरी. दुसऱ्यासाठी रेशीम विणणारा हा माणूस लेकीच्या लग्नाच्या साडीसाठी त्यातलंच थोडं रेशीम बाजूला काढतो. इचलकरंजीत ज्यांनी मागावर हात काळे केलेत त्यांनी तो जरूर बघावा. गती सावकाश आहे आणि मधला भाग रेंगाळतो, पण ओम पुरींचे हात मागावर खरे वाटतात.

दूरदर्शनवरचं काम मात्र एका दमात तोलता येत नाही. ‘यात्रा’ (१९८६) रेल्वेवर आहे. हिमसागर एक्सप्रेस कन्याकुमारीहून जम्मूला जाते आणि डब्यातली माणसं बदलत राहतात. घरच्यांसोबत बघायला ही सगळ्यात सोपी.

‘भारत एक खोज’ हे त्यांचं टीव्हीवरचं सगळ्यात मोठं काम, १९८८-८९ चं, ५३ भागांचं. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या पुस्तकावरचं. रोशन सेठ नेहरू, निवेदन ओम पुरींचं. सुरुवातीच्या, ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा हिंदी अनुवाद वसंत देवांचा आणि चाल वनराज भाटियांची, ती ऐकून आजही अंगावर काटा येतो. पण सगळे भाग सारखे नाहीत. काही ठिकाणी सेट सेटच वाटतो, भाषा जड होते आणि निवेदन इतकं चालतं की चित्राला काम उरत नाही. माझा सल्ला असा की पहिल्या भागापासून ओळीनं बघायला बसू नका, सातवी-आठवीचं पोर पाचव्या भागात उठून जाईल. शिवाजी महाराजांवरच्या भागांपासून सुरू करा. महाराज नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब ओम पुरी. आपल्याकडं महाराज पडद्यावर आले की तुतारी आधी वाजते. इथं ते कारभार बघणारे, माणसं ओळखणारे राजे दिसतात, आणि मला ते जास्त मोठे वाटले. त्यानंतर महात्मा फुल्यांचा भाग घ्या. सदाशिव अमरापूरकर फुले झालेत. खलनायक म्हणून ओळखीचा झालेला हा नट इथं ज्या कळवळ्यानं बोलतो, ते शाहू महाराजांच्या गावात प्रत्येक शाळेनं दाखवावं असं आहे.

‘संविधान’ (२०१४) दहा भागांचं, राज्यसभा टीव्हीसाठी केलेलं. बाबासाहेबांच्या भूमिकेत सचिन खेडेकर, ज्यांना बेनेगलांनीच २००४ मध्ये नेताजी केलं होतं. इथं बहुतेक सगळं संविधान सभेच्या सभागृहात घडतं. माणसं उठतात, बोलतात, बसतात. कंटाळवाणं असेल असं वाटलं होतं, पण मी रात्री स्वयंपाकघर आवरून एकेक भाग बघत गेले आणि थांबवेना. एक कलम, त्यावर दोघांचे आक्षेप, तिसऱ्याची दुरुस्ती, मग मत. वार्षिक सभेत इतिवृत्त वाचताना आमच्या बायका अजूनही विचारायला कचरतात. त्यांना मी यातलाच एक भाग प्रोजेक्टरवर दाखवला. दुसऱ्या दिवशी संकलनाला आलेल्या एकीनं पावती परत खिडकीत सरकवली आणि म्हणाली, “बाई, काल साडेसहा फॅट लागली होती, आज सहा कशी? परत लावा की.”

परत लावली. सहा पॉइंट तीन आली. पावती बदलून दिली.

ज्यांना सुरुवात कुठून करावी कळत नाही त्यांनी ‘मंथन’ची नवी प्रत आधी घ्यावी, मग ‘भूमिका’. ‘भारत एक खोज’ आणि ‘संविधान’ यूट्यूबवर मिळतात, पैसे पडत नाहीत. एकच अडचण आहे. ‘मंथन’च्या मी बघितलेल्या प्रतीला उपशीर्षकं इंग्रजीत होती, आणि गुजराती ढंगाची हिंदी आमच्या म्हाताऱ्या बायकांना अर्धीच कळते. मी शेजारी बसून सांगत होते. मराठी उपशीर्षकांची प्रत कुणी काढली तर जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेच्या दारात ती लावता येईल, पडदा आणि प्रोजेक्टरची सोय आम्ही करू.