डॉकिन्स की मेनार्ड स्मिथ?

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात कॉम्प्युटर शिकणाऱ्याला उत्क्रांतीचं सिम्युलेशन लिहायचं असेल, तर आधी काय वाचावं? जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सचं ‘द ब्लाइंड वॉचमेकर’ (1986) की जीवशास्त्रज्ञच असलेल्या जॉन मेनार्ड स्मिथचं ‘इव्होल्यूशन अँड द थिअरी ऑफ गेम्स’ (1982)?

डॉकिन्स गणिताशिवाय वाचता येतो. त्यातला 28 अक्षरांच्या (मोकळ्या जागा धरून) इंग्रजी वाक्याचा प्रयोग तासाभरात लिहून होतो: कशाही अक्षरांपासून सुरुवात, दर पिढीत थोड्या चुका असलेल्या प्रती, आणि ठरलेल्या वाक्याला सर्वांत जवळची प्रत पुढच्या पिढीसाठी. दर अक्षरी बदलाची शक्यता 5 टक्के ठेवा. 20 टक्के केलीत तर हजारातल्या जेमतेम दोन प्रती जशाच्या तशा उतरतात आणि वाक्य शेवटाजवळ अडकतं. खरी खोट वेगळीच: इथे लक्ष्य आधीच ठरलेलं, निसर्गात ते नसतं. (डॉकिन्सही हे सांगतो, पण ते पान घाईत सुटतं.)

मेनार्ड स्मिथ कोरडा, पण कोडला थेट उपयोगी. त्याच्या ससाणा-कबुतर खेळात एकाच वस्तूसाठी ‘ससाणे’ भांडतात, ‘कबुतरं’ माघार घेतात; वस्तूचा लाभ 2, भांडणातली इजा 4 धरली तर जीवांत ससाण्यांचं प्रमाण निम्म्यावर स्थिरावतं. दोन ससाणे भिडले तर मात्र प्रत्येकाचा सरासरी हिशेब उणे 1 येतो; गुणांच्या प्रमाणात पुढची पिढी निवडायची तर उणे गुण चालत नाहीत, म्हणून सगळ्यांना मूळ 5 गुण द्या. फक्त 20 जीव घेतले तर ससाण्यांचा आकडा योगायोगानेच भरकटतो, 1000 घ्या.

बीजगणित येत असेल तर थेट मेनार्ड स्मिथच उघडा.