बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो (८० ओहम): पहिलं मत बनवण्याआधी कान नीट झाका

खोक्यातून काढला, डोक्यावर चढवला आणि लगेच गाणं लावलं, तर हा हेडफोन दोघांना दोन वेगवेगळी मतं देतो. ज्याच्या कानाभोवती पॅड चहूबाजूंनी टेकलं, त्याला बेस (खालचे जाड सूर) भरपूर वाटतो, कधी कधी जरा जास्तच. ज्याच्या चष्म्याची जाड काडी किंवा केसांची बट पॅडखाली अडकली, त्याला बेस गायब आणि ट्रेबल (वरचे बारीक सूर) बोचरा वाटतो. हेडफोन तोच, गाणंही तेच. डीटी ७७० प्रोबद्दलच्या उलटसुलट मतांमागे बरेचदा एवढंच कारण असतं, म्हणून आवाजाबद्दल बोलण्याआधी तो बसवण्याबद्दल बोलायला हवं.

आधी थोडक्यात ओळख. बायरडायनॅमिक ही १९२४ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली आणि महायुद्धानंतर हाइलब्रॉनला गेलेली जर्मन कंपनी. डीटी ७७० हे तिचं १९८०च्या दशकापासून चालत आलेलं क्लोज्ड-बॅक मॉडेल, म्हणजे ड्रायव्हरची (आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरची) मागची बाजू बंद कपात असलेलं. कान पूर्ण आत मावतो. केबल सोडून वजन २७० ग्रॅम. प्रो मालिकेत ३२, ८० आणि २५० ओहम (विजेला होणारा अवरोध) असे तीन प्रकार मिळतात. ८० ओहमला ३ मीटरची सरळ केबल येते, २५० ओहमला स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. टोकाला ३.५ मिलिमीटरचा जॅक आणि त्यावर आटे फिरवून बसणारा ६.३५ मिलिमीटरचा अडॅप्टर. केबल काढता येत नाही. त्याबद्दल पुढे.

बंद हेडफोनमध्ये ड्रायव्हरचा पडदा आणि कान यांच्यामध्ये अडकलेली हवा दाबली जाते आणि खालचे सूर त्या दाबातून ऐकू येतात. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद केलं तरच दाब बनतो, तसंच हे आहे. पॅडखाली फट राहिली की ४०-५० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा, दाब तिथूनच निघून जातो. वरच्या सुरांना मात्र त्या फटीने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे फट असलेला हेडफोन नुसता कमी बेसचा वाटत नाही, तर टोचणारा वाटतो.

बसवायची रीत साधी आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पूर्ण खाली ओढून आधी मोठ्या करा, हेडफोन घाला, मग एकेक खटका वर घेत कानाचा मध्य आणि कपाचा मध्य जुळवा. वरची गादी टाळूला जेमतेम टेकली पाहिजे. तिच्यावर भार आला, तर कप वर खेचले जातात आणि कानाच्या पाळीखाली फट पडते. नव्या हेडफोनमध्ये फट बहुतेक वेळा इथेच सापडते. कानामागचे केस पॅडच्या बाहेर काढा. अंबाडा खाली असेल तर पट्टी थोडी पुढे घ्या. मोठ्या कुड्या किंवा झुमके काढून ठेवलेले बरे. तारेच्या बारीक काडीचा चष्मा चालतो, जाड प्लॅस्टिकच्या काडीने नुकसान होतं.

आता ४० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी अलगद दाबा. बेस ठळकपणे वाढला, तर फट आहे. फारसा बदल झाला नाही, तर हेडफोन बसला. ही चाचणी झाल्याशिवाय कोणतंही ईक्यू (इक्वलायझर, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणारी सोय) लावू नये, कारण मग फटीतून गेलेला बेस आपण बटणं फिरवून परत आणायला बघतो आणि ड्रायव्हरला उगाच ताण देतो.

पकड सुरुवातीला घट्ट आहे. डोकं मोठं असेल तर तासाभरात कानाच्या वर दाब जाणवेल. वरची पट्टी स्प्रिंग पोलादाची आहे, त्यामुळे हेडफोन त्याच्याच खोक्यावर किंवा डोक्याहून किंचित रुंद पुस्तकांच्या चवडीवर रात्रभर ताणून ठेवला की पकड सैल होते. कपांना धरणारे दांडे मात्र हाताने वाकवू नयेत, ताण फक्त पट्टीला द्यायचा. आणि एका रात्रीनंतर थांबून पुन्हा ४० हर्ट्झची चाचणी घ्यावी, कारण पकड जास्त सैल झाली की फट पुन्हा उघडते.

नवा नग तपासताना आणखी एक गोष्ट जरूर करा. २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर मध्यम आवाजात लावा आणि एकेका कानाने ऐका. कुठे तरी फरफर किंवा झर्र असा आवाज आला, तर दर वेळी ड्रायव्हर फाटलेलाच असतो असं नाही. पॅडखालच्या जाळीतून एखादा केस पडद्यावर पडला तरी असंच होतं आणि या मालिकेत हे नवलाचं नाही. पॅड काढून, आतली फोमची चकती उचलून, उजेडात बघून तो केस चिमट्याने अलगद काढता येतो. पण नग नवा असेल तर उघडू नका. बिल आणि खोकं घेऊन बदलूनच मागा.

आता आवाज. नीट बसलेल्या डीटी ७७० मध्ये खालचा बेस खोल आणि भरीव आहे. डग्ग्याचा घुमारा, हाताचा घिस्सा देऊन चढवलेली मींड, पखवाजावरची थाप, हे सगळं अंगाला लागल्यासारखं ऐकू येतं. मात्र तो थोडा जास्त आहे. बास गिटार आणि किक ड्रम एकत्र असलेल्या मिश्रणात किक पुढे येतो. गाण्याचा आनंद घेणाऱ्याला हे आवडेल. मिक्सिंग करणाऱ्याने ८० हर्ट्झखाली लो-शेल्फ (खालचा सगळा पट्टा एकत्र कमी-जास्त करणारा फिल्टर) लावून २ डेसिबल कमी करावं, नाहीतर तो स्वतःच्या गाण्यात बेस कमी ठेवेल आणि स्पीकरवर ते पोकळ वाजेल.

मधला भाग थोडा मागे आहे. गायकाचा आवाज स्वच्छ येतो पण एक पाऊल आत उभा असल्यासारखा. हार्मोनियम आणि सारंगीचं शरीर अपेक्षेपेक्षा बारीक वाटतं. मला ही त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते, ट्रेबलपेक्षाही मोठी, कारण ट्रेबल एका फिल्टरने आवरता येतो.

तो ट्रेबल ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचावलेला आहे. तानपुऱ्याची जवारी इतकी चमकते की सुरुवातीला तपशील वाढल्यासारखं वाटतं. पण निवेदन ऐका. ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’तला ‘च’ कानाला ओरखडा काढतो. यातला धोका ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना अधिक आहे. पॉडकास्ट किंवा श्राव्यपुस्तक करताना हाच हेडफोन घालून संपादन केलं, तर आवाजात नसलेला ‘स’ ऐकू येतो, मग डी-एसर (‘स’चा टोचरेपणा कमी करणारा फिल्टर) जास्त लावला जातो आणि ऐकणाऱ्यापर्यंत बोबडा आवाज पोहोचतो.

८ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४.३ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास कपाच्या आतल्या मापाइतकी. त्यामुळे हा उंचवटा नेमका कुठे येईल हे कानाची ठेवण आणि कप कुठे बसला यावरही ठरतं. दुसऱ्याचं ईक्यू जसंच्या तसं उतरवून घेण्यात म्हणून अर्थ नाही. ५ ते १० किलोहर्ट्झपर्यंत सूर हळू सरकवा, जिथे तो अचानक टोचेल तो आकडा लिहून ठेवा आणि तिथे क्यू (फिल्टरचा पट्टा किती अरुंद ते) ३, उणे ५ डेसिबलचा पीक फिल्टर लावा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, लिनक्सवर ईझीइफेक्ट्स हे काम फुकटात करतात. इथे फक्त कपातच करतो आहोत, बूस्ट कुठेच नाही, त्यामुळे प्रीअॅम्प (ईक्यूमधली एकूण आवाजाची पातळी) खाली आणायची गरज पडत नाही.

स्टेज, म्हणजे वाद्यं किती पसरून वाजतात हा भास, अरुंद नाही, बंद हेडफोनच्या मानाने चांगलीच मोकळी आहे. कप मोठे आहेत आणि कान ड्रायव्हरला टेकत नाही, हे त्याचं श्रेय.

ओहमचा घोळ बऱ्याच जणांना छळतो, म्हणून हिशेबच मांडतो. कंपनी १ मिलिवॅटला ९६ डेसिबल सांगते. मोबाइलला लावायचा चांगला डाँगल (चार्जिंगच्या खाचेत बसून हेडफोन जॅक देणारा तुकडा) १ व्होल्ट देतो. ८० ओहमला १ व्होल्ट म्हणजे १२.५ मिलिवॅट, म्हणजे १०७ डेसिबलपर्यंतची शिखरं. पुरेसं आहे. २५० ओहमला त्याच डाँगलवर ४ मिलिवॅट, म्हणजे १०२ डेसिबल. हळू मुद्रित झालेल्या शास्त्रीय मैफलीची सरासरी शिखरापेक्षा १५-२० डेसिबल खाली असते, तिथे हा प्रकार कमी पडतो. काही डाँगल अर्ध्या व्होल्टवरच थांबतात. त्यांच्यावर ८० ओहमही १०१ डेसिबलला अडतो. फक्त मोबाइल हाच स्रोत असेल तर ३२ ओहम घ्या. ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन संगणकाला जोडणारं यंत्र) किंवा छोटा डीएसी-अॅम्प (डिजिटल आवाज बदलून हेडफोनसाठी वाढवणारं यंत्र) असेल तर ८० ओहम. २५० ओहमसाठी खरा अॅम्प हवा. जुन्या ऑडिओ मिक्सरच्या हेडफोन जॅकचा स्वतःचा अवरोध कधी कधी १०० ओहमच्या घरात असतो. तिथे ८० ओहमचा बेस फुगतो, कारण ड्रायव्हरच्या अनुनादाजवळ (ज्या सुरावर तो आपोआप जास्त हलतो त्याच्या आसपास) त्याचा अवरोध वाढतो आणि व्होल्टेजचा मोठा वाटा तिथे जातो. जॅकचा अवरोध हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी, म्हणजे इथे १० ओहमच्या आत असावा.

बाहेरचा आवाज रोखण्याबाबत कंपनीचा आकडा सुमारे १८ डेसिबलचा आहे. प्रत्यक्षात तो सगळीकडे सारखा लागू होत नाही. शिटी, बोलणं, मिक्सरची किरकिर चांगलीच दबते. बसच्या इंजिनाची घरघर आणि पंख्याचा खालचा गुंजारव बऱ्यापैकी आत येतो. हा नॉइज कॅन्सलिंगचा हेडफोन नाही, लोकलच्या प्रवासासाठी घेऊ नका. शिवाय तो घडी होत नाही आणि ३ मीटर केबल गर्दीत अडकते.

माइकसमोर मात्र त्याचं खरं काम आहे. गाताना कानातला ट्रॅक माइकमध्ये झिरपू नये म्हणूनच बंद हेडफोन घेतात. तरीही मखमली पॅडमधून थोडं गळतं, विशेषतः ताल धरण्यासाठी लावलेल्या क्लिक ट्रॅकची टिकटिक. उपाय दोन: क्लिकला ३ किलोहर्ट्झवर लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) लावून तो बोथट करा, आणि गायक एक कान उघडा ठेवणार असेल तर त्या बाजूचा आवाज पॅनने (डावी-उजवी बाजू ठरवणाऱ्या बटणाने) पूर्ण बंद करा. टेकलेला कप उघडा पडला की सगळं माइकमध्ये जातं.

मखमली पॅडचं महाराष्ट्राच्या हवेत स्वागतच करायला हवं. कृत्रिम चामड्याच्या पॅडवरचा पॉलियुरेथेनचा थर उष्णता, घाम आणि दमट हवेने विघटित होतो आणि काळे पापुद्रे कानावर उरतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे लवकर होतं. मखमलीला ते दुखणं नाही. तिचा दोष वेगळा: घाम आणि तेल शोषते, आणि पावसाळ्यात ओली राहिली तर वास धरते. पॅड काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत पूर्ण वाळवा. अर्धवट ओलं पॅड परत लावलं तर तो दमटपणा थेट ड्रायव्हरसमोर जातो. बसवताना पॅडची मागची ओठासारखी कड एका जागी खाचेत अडकवायची आणि पॅड कपाभोवती फिरवत न्यायचं, कड आपोआप आत सरकते. चहूबाजूंनी एकदम ओढत बसलात तर शिवण उसवते.

पॅड दबत गेलं की कान ड्रायव्हरच्या जवळ येतो आणि बेस-ट्रेबलचा तोल बदलतो. ‘हेडफोन खुलला’ असं लोक म्हणतात, त्यात पॅडचा आणि आपल्या कानाच्या सवयीचा वाटा मोठा असतो. फोम मेला की बाजारातलं कुठलंही स्वस्त पॅड लावू नका. जाडी आणि कापड बदललं की कपातली हवा आणि गळती बदलते, म्हणजे दुसराच हेडफोन तयार होतो. कंपनीचे सुटे पॅड, वरची गादी आणि इतर भाग वेगळे मिळतात, आणि हा हेडफोन वर्षानुवर्षं टिकण्यामागे तेच कारण आहे.

न निघणारी केबल ही मात्र माझ्या मते या काळात न पटणारी गोष्ट. ती डाव्या कपात शिरते, उजव्या बाजूचा सिग्नल पट्टीतून जातो. खुर्चीच्या चाकाखाली आली किंवा जॅकजवळ मोडली की सोल्डरिंगशिवाय इलाज नाही. बिघाड जॅकजवळ असेल तर काम सोपं: खराब तुकडा कापून नवा धातूचा ३.५ मिलिमीटर स्टिरिओ जॅक जोडायचा, तारांवर लाखेचा थर असेल तर आधी तापवून काढायचा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटा जॅक सहज मिळतो. कपाच्या तोंडाशी तुटली असेल, तर कप उघडावा लागतो आणि तिथल्या बारीक तारा नवशिक्याच्या हातून सुटतात. एका बाजूचा आवाज ये-जा करायला लागला की आधी अडॅप्टरचे आटे घट्ट आहेत का बघा. ते सैल झाले तरी हुबेहूब तशीच लक्षणं दिसतात.

केबलचाच प्रश्न खटकत असेल, तर कंपनीने शंभरीनिमित्त २०२४ मध्ये काढलेला डीटी ७७० प्रो एक्स लिमिटेड एडिशन बघावा. ४८ ओहम, नवा ड्रायव्हर, मिनी-एक्सएलआरने (छोट्या खटक्याच्या जोडाने) निघणारी केबल, आणि वरचे सूर मूळ मॉडेलपेक्षा आवरलेले. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, घडी होतो, केबल निघते, मोबाइलवर सहज चालतो, पण त्याचे कप लहान आणि पॅड कृत्रिम चामड्याचे. सोनीचा एमडीआर-७५०६ हलका आहे आणि बोललेला शब्द तपासायला उत्तम, मात्र त्याचं पॅड इतकं पातळ की बऱ्याच जणांचा कान आत टेकतो. चार-पाच तास सलग बसून आवाजाचं काम करणाऱ्याला, विशेषतः उकाड्यात, मी डीटी ७७० प्रो ८० ओहमच सुचवेन. फक्त जाड काडीचा चष्मा असेल तर दुकानात चष्मा लावूनच ऐकायला बसा आणि मोबाइलवर ४० हर्ट्झचा सूर सोबत न्या.