मातीचं चर्च की चुन्याचं? वाळवंटातल्या छायाचित्रमालिकेसाठी निवड

ऊनपावसाने झिजलेल्या जुन्या चर्चवर कृष्णधवल मालिका करायची आहे, पण प्रवास एकाच ठिकाणचा जमणार आहे. अशा वेळी मी दोन वास्तू शेजारी ठेवून पाहीन: न्यू मेक्सिकोत रांचोस दे ताओसचं सान फ्रान्सिस्को दे आसिस आणि ॲरिझोनात टूसॉनजवळचं सान हाविएर देल बाक. दोन्ही स्पॅनिश अमलातली. एक मातीचं, दुसऱ्याला चुन्याचा पांढरा गिलावा. कॅमेरा हाती घेतल्यावरचं बहुतेक काम या फरकावरच ठरतं.

रांचोसचं चर्च प्रसिद्ध आहे ते मागच्या बाजूमुळे. पश्चिमेकडची ही भिंत म्हणजे कच्च्या विटांच्या फुगीर आधारभिंतींचा नुसता डौलदार पुंजका. चित्रकार जॉर्जिया ओकीफने १९२९-३० मध्ये तिची चित्रं काढली. ॲन्सेल ॲडम्स आणि पॉल स्ट्रँड यांनीही त्याच सुमारास तिची छायाचित्रं काढली. मग आपण पुन्हा तेच कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मला मात्र ही शंका पटत नाही. तिथली माणसं दरवर्षी, साधारण जूनमध्ये, माती, पेंढा आणि पाणी कालवून भिंती नव्याने लिंपतात. स्ट्रँडने पाहिलेला पृष्ठभाग केव्हाच धुऊन गेला. आज तुमच्यासमोर असतो तो फार तर वर्षाभराचा. लिंपणानंतर गेलात तर ताज्या हातांच्या खुणा मिळतील. मे महिन्यात गेलात तर हिवाळ्याने पाडलेल्या चिरा आणि उघडा पडलेला पेंढा. झिजलेपण हाच विषय असेल तर मे निवडा.

वेळही जपायला हवी. दुपार नुकती कलते तेव्हा ऊन या भिंतीला घासून जातं आणि पेंढ्याची काडी न् काडी उठून दिसते. मावळतीचं ऊन समोरून येतं. उजेड सुंदर, पण पोत सपाट. ताओसची उंची २,१०० मीटरच्या आसपास असल्याने आकाश गडद निळं असतं. लाल फिल्टर लावला की पिवळट-तपकिरी माती उजळते आणि आकाश काळवंडतं. पण सावल्यांना उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचाच, म्हणून त्याही काळ्याभोर होतात. नारिंगी किंवा पिवळा फिल्टर मला जास्त सुरक्षित वाटतो. अडचण आहे ती उभ्या गाड्यांची आणि विजेच्या तारांची. चौकट घट्ट बांधावी लागते.

सान हाविएर १७९७ मध्ये पूर्ण झालं, तरी पूर्वेकडचा मनोरा आजही अपुराच आहे. दर्शनी बाजू दक्षिणेकडे. दोन पांढऱ्या मनोऱ्यांमध्ये लालसर, दाट नक्षीचा दरवाजा. इथे फिल्टरचा भिंतीवर फारसा परिणाम होत नाही. सगळी कसोटी एक्स्पोजरची, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्याची. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पांढऱ्याला करडं करतो, त्यामुळे दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे लागतात, आणि भर उन्हात तेवढ्यानेच उजळ भागातला तपशील उडतो. सकाळची तिरपी किरणं गाठा. मनोरे सरळ उभे हवेत म्हणून शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न वाकवता वर सरकवता येणारी लेन्स, जवळपास गरजेचीच. रांचोसच्या वळणदार भिंती वाकड्या रेषा पोटात घालतात.

भिंतींची कहाणी मात्र दोन्हीकडे एकच. दोन्ही चर्चना विसाव्या शतकात सिमेंट फासलं गेलं, आत पाणी अडकून भिंती खराब होऊ लागल्या, आणि ते काढून एकीकडे पुन्हा माती आली, दुसरीकडे निवडुंगाचा रस घातलेला चुना.

माझा कौल रांचोसला. पृष्ठभाग बदलता असल्याने तिथे तुमची म्हणून काही प्रतिमा हाती लागण्याची शक्यता अधिक. नक्षी, मनोरे आणि पांढऱ्याच्या छटा ज्याला खुणावतात त्याने खुशाल सान हाविएरला जावं. गर्दी नको असेल तर ताओसच्याच डोंगरी रस्त्यावर लास त्राम्पासचं अठराव्या शतकातलं, लाकडी मनोऱ्यांचं चर्च आहे. रांचोसच्या प्रवासात तेही सहज होतं.

ही सगळी चर्च आजही प्रार्थनेची आहेत, आणि सान हाविएर तोहोनो ओओधाम या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर आहे. प्रिंट विकायचे असतील तर निघण्याआधीच परवानगी विचारा.