‘किंवा तत्सम’ने केलेला घात

मॉड्युलर किचनच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर मटेरियलच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘कार्कस – बीडब्ल्यूपी प्लाय किंवा तत्सम’. कार्कस म्हणजे कपाटाचा सांगाडा, आणि बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय. त्या नोंदीतले शेवटचे दोन शब्द मी नीट वाचले तेव्हा कपाटं बसून सात महिने झाले होते आणि सिंकखालच्या कपाटाचा तळ पापडासारखा फुगला होता.

सुरुवात झाली ती चित्राने. डिझायनरने स्क्रीनवर आमचंच स्वयंपाकघर गोल फिरवून दाखवलं. ओट्याखाली तीन खोल ड्रॉवर, वरच्या कपाटांखाली दिव्यांची पट्टी, आणि मधली जागा इतकी ऐसपैस की फुगडी घालावी. अशा चित्रांत कॅमेऱ्याची वाइड अँगल लेन्स जागा फुगवते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. मग त्याने सिंक, शेगडी आणि फ्रिजचा त्रिकोण समजावला. तिन्ही बाजूंची बेरीज साधारण ४ ते ८ मीटरमध्ये बसली की फेऱ्या वाचतात. त्रिकोणाचं गणित खरंच आहे, म्हणून तर बाकीचंही खरं वाटलं.

‘एर्गोनॉमिक’ हा शब्द त्या तासाभरात निदान वीसदा आला असेल. पण माझी उंची किती, हे एकदाही कुणी विचारलं नाही. ओट्याची उंची कोपरावरून ठरते : ताठ उभं राहून हात कोपरात वाकवायचा आणि कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा धरायचा. शेगडीला स्वतःची उंची असते, म्हणून तिथे थोडा आणखी खाली. माझं कोपर १०५ सेंटिमीटरवर. आलेला ओटा ८२ वर, कारण त्यांची तयार कपाटं त्याच मापाची होती. भाजी चिरताना मी आता टेबलावर जाते.

पण खरा घात मटेरियलमध्ये होता. शोरूममध्ये नमुन्याचा तुकडा हातात दिला होता, जड आणि घट्ट. घरी मात्र कपाटांचे सगळे भाग कापून, चारही कडांना पट्टी चिकटवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आले. वर लॅमिनेट, कडेला एज बँड. आत काय आहे हे दिसणार कुठून? त्या दिवशी मी चहा करत होते आणि फिटिंगवाले भराभर जोडत होते. संध्याकाळपर्यंत सगळं उभं.

सात महिन्यांनी सिंकच्या पाइपच्या सांध्यातून थोडं पाणी झिरपलं. थोडंच, पुसून काढण्याइतकं. चार दिवसांत तळाची फळी फुगली, आठवड्यात बिजागरीचे स्क्रू सुटून दार लोंबकळलं. ओळखीच्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी बिजागरी काढली, दाराच्या आतल्या गोल खाचेत नख घातलं आणि चिमूटभर भुसा माझ्या तळहातावर ठेवला. “ताई, हा प्लाय नाही. पार्टिकल बोर्ड आहे.”

हे आधी कळलं असतं तर! बिजागरीची वाटी बसवायला दारात ३५ मिलिमीटर व्यासाचं, साधारण १२-१३ मिलिमीटर खोल भोक पाडतात. बिजागरी बसण्याआधी त्या भोकात टॉर्च मारा. प्लाय असेल तर कडेला लाकडाचे थरावर थर दिसतात, पार्टिकल बोर्ड असेल तर दाबून चिकटवलेला भुसा. मात्र दार आणि सांगाडा वेगवेगळ्या मालाचे असू शकतात, म्हणून सिंकसाठी किंवा पाइपसाठी कापलेली कडही पाहा. ती कड आमच्याकडे उघडीच सोडली होती. पाणी आत शिरलं ते तिथूनच.

पार्टिकल बोर्डला मी नावं ठेवत नाही. कोरड्या जागेच्या कपाटांना तो चालतो, स्वस्त पडतो. पण पैसे प्लायचे घ्यायचे आणि सिंकखाली भुसा लावायचा, याला दुसरं नाव काय देणार?

मग मी बिल काढून बसले. ओटा एल आकाराचा, भिंती ८ आणि ६ फूट. किचनवाल्यांनी लांबी धरली होती १४ फूट. कोपऱ्यातला २ फुटांचा चौकोन दोन्ही भिंतींत मोजला होता, म्हणजे खरी लांबी १२ फूटच. वरच्या कपाटांची खोली कमी असते, तिथे १ फूट दोनदा धरला होता. चित्रातल्या तीन ड्रॉवरची कोटेशनमध्ये ‘बेस युनिट – १ नग’ एवढीच नोंद. आली ती दोन पल्ल्यांची दारं आणि मध्ये एक फळी. दिव्यांच्या पट्टीचा कुठे उल्लेखच नव्हता.

टोपल्यांच्या स्टीलची गंमत वेगळीच. ‘३०४ ग्रेड आहे, चुंबक लावून बघा,’ म्हणाले. मी लावला, चिकटला नाही, मी खूश. नंतर कळलं की २०२ या हलक्या ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. ३०४ आणि २०२ मधला फरक चुंबकाला नाही, रसायनाच्या थेंबांच्या चाचणीला कळतो. आता टोपल्यांच्या जोडांवर तांबूस डाग आहेत.

तक्रार केली तर उत्तर तयार होतं : “मॅडम, तत्सम लिहिलंय ना.” नशिबाने १० टक्के रक्कम माझ्याकडे राहिली होती, कारण एका कपाटाचं दार तिरकं बसलं होतं आणि ते दुरुस्त करायला कुणी आलंच नव्हतं. ती देणार नाही म्हटल्यावर सिंकखालचं युनिट त्यांनी खऱ्या प्लायमध्ये बदलून दिलं. या वेळी बिजागरी बसण्याआधी मी टॉर्च घेऊन शेजारी उभी होते. बाकीची अकरा कपाटं तशीच आहेत. त्यांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू मी महिन्यातून एकदा हलक्या हाताने आवळते, फार जोर दिला तर भोकातून भुसा गळतो.